बत्तीस चुलींचा धूर

रिंगटी गावात माणसं राहतात, हे सरकारला पटवणं म्हणजे गाढवापुढे गीता वाचणं. गेल्या पावसाळ्यात गोरी नदीने पूल नेला. अर्ज केला, तर बांधकाम खात्याचे उप्रेतीसाहेब पाहणीला आले ते मार्गशीर्षात. तेव्हा अख्खं गाव शेळ्यामेंढ्यांसकट खालच्या खोऱ्यातल्या हिवाळी घरांत! साहेबांनी पलीकडच्या काठावरून दुर्बिणीने कुलपं मोजली आणि लिहिलं, 'निर्जन.' वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवणारी माणसं असतात, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. बिचारे काय करणार!

आता जेठात फेरपाहणी ठरली. निरोप आला तो आदल्या संध्याकाळी. आणि जेठात बर्फ वितळलं की रिंगटीतलं चालतं-फिरतं प्रत्येक माणूस वरच्या कुरणांवर जातं आणि महिनाभर पोटावर सरपटत कीडाजडी, म्हणजे सोन्याच्या भावाने विकली जाणारी औषधी बुरशी, शोधतं. शाळासुद्धा बंद. मागे उरल्या होत्या गुडघे गेलेली रुकमा आणि सात महिन्यांची पोटुशी सून बसंती. गावभरच्या किल्ल्या रुकमाच्या खुंटीवर.

बसंतीचे दिवस श्रावणात भरणार होते. नदी तेव्हा पिसाळते. मग नदीवर ताणलेल्या तारेवरच्या टोपलीत बसवून पलीकडे न्यायचं, नाहीतर बारा कोसांचा वळसा. मागच्या साली बाळंतपणात अडलेल्या शेजारच्या जसुलीला गोधडीच्या डोलीतून वळशानेच नेली होती. परत आली ती नुसती गोधडी. तेव्हापासून रुकमाला पूल सोडून दुसरं काही सुचत नव्हतं.

"इजा, आपण दोघी काठावर जाऊन हात हलवू," बसंती म्हणाली. सासूला ती इजा, म्हणजे आईच म्हणायची.

"दोन बायकांसाठी पूल बांधायला तुझ्या बापाचं राज्य आहे का? किल्ल्या आण!"

सकाळी उजाडल्या उजाडल्या रुकमाने घरं उघडायला सुरुवात केली. चुलीत ओली लाकडं घालायची, फुंकायचं, खोकायचं, पुढचं घर. विसाव्या घराशी गुडघ्यांनी राम म्हटला, तर बाई भिंत धरून सरकली.

"इजा, लोक विचारतील ना, आमच्या चुलीत राख कुठून आली?"

"सांगेन, सरकार जेवायला आलं होतं. फुंक तू!"

दहाच्या सुमाराला साहेब पलीकडे उगवले. तारेवरची टोपली पाहून दोन पावलं मागे सरले. इकडे यायचं तर पूल नको का? त्यांनी दुर्बीण लावली, बोट हवेत नाचवत बत्तीस धूर मोजले, थर्मासातला चहा प्यायले आणि भोंग्यातून ओरडले, "आमा, सगळे मजेत ना?"

"मजेत!" रुकमा बेंबीच्या देठापासून ओरडली. दुसरं काय ओरडणार? माणसं आहेत, हेच तर दाखवायचं होतं.

त्या संध्याकाळी तिने गूळ-तुपाचा शिरा केला.

एरवी वर्षभर वाट चुकणारं सरकारी टपाल या खेपेला पंधरा दिवसांत आलं. पोस्टमनने टोपलीत ठेवून दोर ओढला. बसंतीने वाचलं, "'पूल नसतानाही बत्तीस कुटुंबे सुखाने नांदत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. सबब पुलाची निकड दिसून येत नाही.'"

रुकमा मटकन खाली बसली. माणसं नव्हती म्हणून पूल नाही, आता आहेत म्हणूनही नाही. आणि 'मजेत' कोण ओरडलं होतं? तिला स्वतःच्या जिभेचा असा राग आला की ती ओक्साबोक्शी रडली. मग पदराने नाक पुसून उठली.

"कपडे बांध. पाऊस लागायच्या आत वळशाने निघू. बाळंतपण माझ्या बहिणीकडे, खाली."

"आणि तुझे गुडघे?"

"त्यांचा अर्ज कुणाकडे करू? चल, जाशील ती स्वतःच्या पायांनी जाशील. गोधडीतून नाही."

तिने आपल्या घरालाही कुलूप घातलं आणि किल्ल्यांचा जुडगा उंबऱ्याशेजारच्या दगडाखाली सरकवला. कागदोपत्री रिंगटीत आता बत्तीस कुटुंबं सुखाने नांदत होती. धूर मात्र एकाही घरातून येत नव्हता.