पंपातली चक्री

आमच्या किनाऱ्यावर रविवारी कोणी समुद्रावर जात नाही. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, दुपारी बीफ आणि उकडलेला कप्प्याचा कंद, मग पुरुष जाळ्यांच्या छपराखाली पत्ते कुटत बसतात. फादर सांगतात, रविवारी काम करू नका. माझा नवरा तदेयूस म्हणतो, इंजिनाची सेवा म्हणजे काम नव्हे. फादरनी त्याच्याशी वाद घालणं सोडून दिलंय. मी अजून सोडलेलं नाही.

कारण त्या इंजिनाला गोडं पाणी लागतं. आमच्या नळाला एक दिवसाआड तासभर पाणी येतं, आणि त्यातलं एक अख्खं निळं पिंप त्याचं. समुद्रावरून आलं की खांद्यावरून घरी आणून आधी त्याला त्या पिंपात आंघोळ घालायची, मग जेवण. मी खारट पाण्यात भात शिजवायचा आणि त्याचे लाड चाललेत. एकदा चिडून मी म्हटलं, त्याच्याशीच लग्न लावायचं होतंस. तर म्हणतो कसा, ते तुझ्याइतकं बोलत नाही.

इंजिन बावीस वर्षांचं आहे. आमच्याकडे बाकीचे लोक इंजिन बंद पडलं की उघडतात. तदेयूस बंद पडायच्या आधी उघडतो. पावसाळी हंगामाच्या आधीच्या रविवारी तो प्लग बदलतो, गिअरचं आईल बदलतो, आणि पंपातली रबराची चक्री बदलतो, झिजलेली असो वा नसो. ती चक्री समुद्राचं पाणी वर खेचून इंजिन गार ठेवते. ती गेली की इंजिन तापून जागच्या जागी जाम होतं, आणि मग बसा वल्ही मारत.

बंद पडलेली होडी दुसऱ्याच्या दोरीला बांधून घरी आणावी लागली की आमच्याकडे ‘दोरी’ हे नाव जन्माला चिकटतं. माझा धाकटा भाऊ बर्क्मान्स दोनदा तसा आला, तेव्हापासून बाप्तिस्म्याचं नाव कोणी घेत नाही, त्याला सगळे दोरीच म्हणतात. तो आता आमच्याच होडीवर असतो. तदेयूस बावीस वर्षांत एकदाही दोरीला आला नाही. वर्षभर फाटका शर्ट घालील, पण आपलं नाव जपेल.

तर त्या रविवारी मिस्साहून आल्या आल्या अंगणात गोणपाट पसरलं. इंजिन लाकडी घोडीवर टांगलं. मी नेहमीसारखी पाने हातात द्यायला बसले. गिअरचं जुनं आईल काळंच निघालं, पांढरट नाही. म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही. दोघांनाही बरं वाटलं. मग इंजिनाचा पंख्याकडचा खालचा पाय सोडवून पंप उघडला, जुनी चक्री काढून नवीशेजारी गोणपाटावर ठेवली. तेवढ्यात बर्क्मान्स आला आणि चांगला भाग काढून फेकणाऱ्या माणसाची त्याने यथेच्छ खेचली. तदेयूस त्याच्याशी बोलत बोलतच काम करत होता. मी आतून रस्सा ढवळून आले तोवर पंप बंद झाला होता.

जेवून दोघे पत्त्यांना गेले. इंजिन सुरू करून बघायचं ते उन्हं उतरल्यावर.

काढलेले भाग मी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवते. चांगलं रबर फेकवत नाही मला. गोणपाटावर राहिलेली चक्री पुसायला घेतली आणि हात थांबला. पाती सरळ होती, अंगाला अजून पांढरी पावडर. जुन्या चक्रीची पाती वर्षभर पंपात दबून एका बाजूला वाकलेली असतात. ही नवी होती. म्हणजे पठ्ठ्याने जुनीच परत आत घातली होती.

डोळ्यांचं मला वर्षभर ठाऊक होतं. सुईत दोरा ओवायला माझ्याकडे देतो, जाळं हाताने चाचपत विणतो, आणि चष्म्याचं नाव काढलं की समुद्रावर चष्मा कोण घालतं म्हणून ओरडतो. पण इंजिनात त्याचा हात कधी चुकला नव्हता. आता सांगितलं तर त्याचं काय होईल हे मला दिसत होतं. तो चक्री बदलेल, एक शब्द बोलणार नाही, आणि हळूहळू समुद्र सोडून देईल. न सांगितलं तर दहा मैल आत, पावसाळी लाटांत, जुन्या चक्रीवर माझा नवरा आणि माझा भाऊ. भीती वाटली मला, खोटं कशाला बोलू.

मग पदर खोचला आणि पाना उचलला.

बोल्ट सुटले. पाय खाली आला. पंपाचं झाकण निघालं. बावीस वर्षं बघून बघून हाताला आपोआप कळत होतं. चक्री वर ओढली आणि तिला शाफ्टवर अडकवून ठेवणारी अर्धचंद्रासारखी खिळी टुणकन उडून वाळूत गेली. नखाएवढी वस्तू! माझ्या तोंडून जे निघालं ते रविवारी बोलू नये. शेवटी तांदळाची चाळण आणली आणि घोडीखालची वाळू मूठमूठ चाळली. सातव्या की आठव्या मुठीला सापडली. ग्रीसमध्ये चिकटवून बसवली, वर नवी चक्री घातली, शाफ्ट उजवीकडे फिरवत झाकण दाबलं, बोल्ट समोरासमोर, फुलीत आवळले आणि पाय परत चढवला. पाने पुसून ओळीने लावले आणि जुनी चक्री डब्यात टाकली.

उन्हं उतरल्यावर दोघे आले. इंजिन पिंपात सोडलं. तदेयूसने दोरी ओढली. पहिल्याला खोकलं, दुसऱ्याला लागलं. बाजूच्या भोकातून पाण्याची धार आली, अंगठ्याएवढी जाड. मी श्वास सोडला.

"दाजी, हात आहे की काय आहे तुझा!" बर्क्मान्स म्हणाला.

तदेयूस हसला नाही. धारेखाली बोट धरून उभा होता. मग त्याची नजर घोडीखाली गेली. चाळलेली वाळू मऊ पिठासारखी पडली होती आणि चाळण मी तिथेच विसरले होते. त्याने इंजिन बंद केलं आणि डबा मागितला. वरची चक्री काढून तिच्या पात्यांवरून सावकाश अंगठा फिरवला.

"ही जुनी आहे," तो म्हणाला. "मग सकाळी मी आत कुठली घातली होती?"

खोटं जिभेवर आलं होतं. "जुनीच," मी म्हटलं.

"आणि आत्ता आत?"

"नवी."

खिळीला ग्रीस लावलंस का, त्याने विचारलं. लावलं. शाफ्ट कुठल्या बाजूला फिरवलास? उजव्या. बोल्ट कसे आवळलेस? फुलीत, म्हटलं, आणि माझा आवाज जरा चढलाच, बावीस वर्षं काय मी डोळे मिटून बसले होते का? डोळ्यांचं बोलून गेले आणि जीभ चावली.

तदेयूसने चक्री डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि बर्क्मान्सकडे वळला. आवाज मोठा होता, शेजारच्या तीन अंगणांत जाईल एवढा.

"ए दोरी, ऐक. पंप माझा चुकला होता. तुझ्या बहिणीने बसवलाय. उद्या छपराखाली सगळ्यांना सांग."

मला रडूच फुटलं, आणि रडू फुटल्याचा रागही आला. तदेयूसने ओळीतला बाराचा पाना उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी पंप तू उघड, पाने मी देईन.

"बाराचा मागितला तर दहाचा देशील," मी नाक पुसत म्हटलं. "आधी चष्मा कर."

"करतो," तो म्हणाला. "आजही पत्त्यांत हरलोय."