ओळीच्या टोकाला काय आहे

सकाळी छोटीने संगणक उघडला, तर तिची अख्खी फाइल हिरवी झालेली.

हिरवा रंग वहिनीचा. नणंद-भावजय मिळून एक टेक्स्ट एडिटर तयार करत होत्या. लोक ज्यात मजकूर लिहितात, प्रोग्राम लिहितात, तसलं साधंसुधं सॉफ्टवेअर. आणि ते तयार करण्याचं कामही त्या त्याच एडिटरमध्ये करत. कोणत्या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला, हे डाव्या काठावरच्या रंगावरून कळायचं. वहिनीच्या ओळी हिरव्या, छोटीच्या नारिंगी. मजकुरातला शब्द शोधून देणारा भाग छोटीने हिवाळाभर खपून एकटीने लिहिला होता. काल संध्याकाळी तो वरपासून खालपर्यंत नारिंगी होता.

छोटी काही बोलली नाही. ती बोलली की घर हैराण व्हायचं, आणि गप्प बसली की घाबरायचं. त्यामुळे दादा चहाचे कप घेऊन पुढच्या खोलीत आला, तो दारातच थबकला. पुढची खोली हेच यांचं ऑफिस. दादा एकीचा भाऊ, दुसरीचा नवरा, आणि व्यवसायाने दातांचा डॉक्टर.

"दादा, त्या मोठ्या कंपनीचा नोकरीसाठी आज फोन येईल ना, त्यांना मी हो सांगणार आहे."

कप बशीत हिंदकळला. "काल तर नाही सांगणार होतीस!"

"काल इथे माझं काहीतरी होतं."

तेवढ्यात वहिनी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत आली. "काय झालं? दोघांचे चेहरे असे का?"

"अभिनंदन वहिनी. शोध तू लावलास म्हणे. माझी एक ओळसुद्धा ठेवली नाहीस. निदान विचारायचं तरी!"

वहिनीने पडद्याकडे पाहिलं. मग डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. "मी फक्त एक स्वल्पविराम काढला गं. काल रात्री, नव्या संगणकावरून."

"एका स्वल्पविरामाने एवढं हिरवंगार?"

"शप्पथ!"

"दात दाखवायला आलेले पेशंटही अशीच शप्पथ घेतात," दादा म्हणाला, "रोज ब्रश करतो म्हणून." दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. तो गुपचूप स्टुलावर बसला.

वहिनीने कालची आणि आजची फाइल शेजारीशेजारी उघडली. "आता तूच सांग रे. बाहेरचा माणूस आहेस."

"बाहेरचा?" दादाने चष्मा वर सरकवला आणि मान इकडून तिकडे हलवत बराच वेळ वाचलं. "दोन्ही सारख्याच आहेत की."

"तुला काय," छोटी म्हणाली, "ओळीत काही हलत नसलं की तुझं समाधान."

पण तीही आता खुर्ची ओढून पुढे सरकली होती. अक्षर न् अक्षर तेच. तिने ठेवलेल्या विनोदी टिपासुद्धा जागच्या जागी. एका ठिकाणचा स्वल्पविराम तेवढा गेलेला. मग ही फाइल वहिनीची झाली कशी?

छोटीने दोन्ही फाइलींचा आकार पाहिला. आजची जाड होती. एक अक्षर काढून फाइल फुगते कशी? तिने आकड्यांची वजाबाकी केली, मग एकूण ओळी पाहिल्या, आणि टेबलावर थाप मारली.

"जितक्या ओळी आहेत, तितकीच अक्षरं वाढलीत! एकाचा काय तो फरक, तो तुझा स्वल्पविराम. वहिनी, ओळींचे शेवट बदललेत!"

वहिनीने कपाळाला हात लावला.

"मला कोणी सांगेल का?" दादा म्हणाला.

"टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामं असायची," छोटी म्हणाली. "गाडी सरकवून पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणायची आणि कागद एक ओळ वर चढवायचा. काही संगणक अजून त्या दोन्हींच्या खुणा प्रत्येक ओळीच्या टोकाला ठेवतात. काहींना एकच पुरते. खुणा दिसत नाहीत, पण असतात. वहिनीचा जुना संगणक एक खूण ठेवायचा, नवा दोन ठेवतो. हिने फाइल सेव्ह केली आणि आपल्या एडिटरने न विचारता सगळ्या ओळींना दुसरी खूण जोडून टाकली."

"म्हणजे चोर एडिटरच!"

"आणि त्याला तसं वागायला शिकवलं कोणी?"

छोटीने वहिनीकडे पाहिलं. एडिटरच्या खालच्या पट्टीत ओळींचा शेवट कसा आहे ते दिसावं, असा छोटीचा हट्ट होता. इंग्रजी आद्याक्षरांत तसं दाखवायची सोयही तिने केली होती. वहिनीने ती काढून टाकली. लोकांना असल्या गोष्टींनी घाबरवू नये, एडिटरने परस्पर सांभाळून घ्यावं, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी दोघी दोन वेगळ्या खोल्यांत जेवल्या होत्या.

"चुकलंच माझं," वहिनी म्हणाली. "लोकांना घाबरवायचं नाही म्हणता म्हणता घरातलं माणूस घालवत होते." तिने जुनी फाइल परत आणली. काठ नारिंगी झाला. छोटीने नाक ओढलं आणि सर्दीचं कारण पुढे केलं.

"तुझी पट्टी परत लावू या," वहिनी म्हणाली. "पण ती इंग्रजी आद्याक्षरं नकोत. यालाच विचार, काही कळलं होतं का?"

"मला वाटलं, काहीतरी बिघडलंय," दादा म्हणाला.

"बघ! 'ओळीचा शेवट: एक खूण', असं सरळ लिहू."

"चालेल. पण पट्टीवर नुसतं क्लिक केल्यावर काही बदलता कामा नये. आधी विचारायचं. आणि फाइल जशी उघडली तशीच सेव्ह व्हायला हवी, संगणक कुठलाही असो."

"मान्य. आणि अर्ध्या ओळी अशा, अर्ध्या तशा असल्या तर?"

"तर तसं सांगायचं. 'मिश्र'."

"मिश्र? चिवट पोटदुखीचं औषध वाटतं ते."

"मग काय, 'खिचडी' लिहू?"

"'दोन्ही प्रकार' लिही ना."

"जागा किती खाईल ते!"

छोटीचा फोन वाजला. दादाने कंपनीचं नाव वाचलं आणि तो छोटीपुढे धरला. वहिनी उगाच टॉवेलची घडी घालू लागली. ती घडी नीट जमेना.

"हो, मीच बोलतेय," छोटी म्हणाली. "नाही, मला नाही जमणार यायला. पगाराचं काही नाही हो. इथे एक शब्द ठरायचा राहिलाय. नाही, उद्यापर्यंत नाही ठरणार. माझी वहिनी फार हट्टी आहे."

तिने फोन खाली ठेवला. "हं. 'दोन्ही प्रकार' का, ते मला पटवून दे."