नुसते ओठ

तीर्थपुरीत रखमाजी गुरुजींच्या कानाचा दरारा होता. शाळेतल्या मुलांचं गायनपथक त्यांनी उभं केलं, वाढवलं आणि निवृत्तीनंतरही सोडलं नाही. पन्नास पोरं एका दमात गात असली तरी कोणाचा सूर घसरला, ते त्यांना पाठमोरं उभं राहून कळायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेत तीर्थपुरीचं नाव पुकारलं, की बाकीचे मास्तर आपल्या सतरंज्या गुंडाळायला लागत.

या सगळ्या कौतुकात एक काटा होता, आणि तो घरचाच होता. गुरुजींचा एकुलता एक मुलगा कल्याण बेसूर निघाला. थोडाथोडका नाही, चांगला खणखणीत बेसूर. त्यात पोराला गाण्याची हौस दांडगी. पथकात घ्यावा तर परीक्षक नाक मुरडणार, न घ्यावा तर गाव हसणार. मग गुरुजींनी त्याला मागच्या रांगेत उभं केलं आणि कानात सांगितलं, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढायचा न्हाई."

पोर गुणी. शाळा संपेपर्यंत त्याने ओठ हलवले आणि सगळ्यांबरोबर पदकंही घेतली. आपण प्रकरण छान निभावलं, असं गुरुजींना वाटलं. कानाचा एवढा तयार माणूस इतर बाबतीत इतका कच्चा असावा, हे नवलच.

पुढे कल्याण जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात लागला. यंदा त्याची आई, उषाबाई, अंथरुणाला खिळली. दवाखान्याने 'आता घरीच ठेवा' म्हणून सांगितलं, तेव्हा तो रजा टाकून आला.

एका दुपारी गुरुजी औषधं घेऊन परतले, तर घरातून गाणं ऐकू आलं. त्यांनी स्वतः चाल लावलेली शाळेची प्रार्थना होती, पण सूर पार जाफराबादच्या वाटेला लागलेला. अंगणात चपला वाजल्या आणि गाणं तटकन थांबलं. कल्याण आईचे पाय चेपत बसला होता.

"कोण गाऊन राह्यलं व्हतं?"

"मोबाइल व्हता, अण्णा."

उषाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

रविवारी जुने विद्यार्थी उषाबाईंना भेटायला आले. पोटं सुटलेली, केस पिकलेले, तरी गुरुजींनी हात उचलताच रांगेत उभे राहिले. कल्याणही सवयीने मागे जाऊन उभा राहिला. प्रार्थना झाली. कोणाचा आवाज चिरकला, कोणाचा दम तुटला, गुरुजींचे डोळे तरी भरून आले.

"सगळ्यायचा आवाज आला," उषाबाई म्हणाल्या. "माझ्या कल्याणचा न्हाई आला."

मग त्या गुरुजींकडे वळल्या.

"तुमी घरात नसले की लेकरू चुलीपाशी बसून गायचं. मला त्याचंच ऐकायचंय, अहो."

विद्यार्थी चहा न घेताच निघून गेले. गुरुजी मुलापुढे उभे राहिले. "गा बाबा. कसं बी गा."

कल्याणने तोंड उघडलं. ओठ हलले, घशातून काही आलं नाही. "तुमच्यापुढं न्हाई येत, अण्णा," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

गुरुजींच्या काळजाला घरं पडली. उषाबाईंचा श्वास जड झालेला त्यांना दिसत होता. अशा वेळी नवऱ्याने उशाशी बसायचं असतं. पण त्यांनी बायकोच्या कपाळावरून हात फिरवला, चपला घातल्या आणि मुद्दाम पाय आपटत बाहेर पडले. गल्ली ओलांडली, बाजार ओलांडला, आणि गाणं कानावर येणार नाही एवढ्या लांब, एसटी स्टँडवरच्या बाकावर जाऊन बसले. जन्मभर ऐकण्याचंच काम केलेल्या माणसाला तिथे बसवेना. तरी ते बसले.

ऊन उतरल्यावर परतले, तर गल्लीच्या कोपऱ्यावरच आवाज आला. कल्याण गळा मोकळा सोडून गात होता. गुरुजींनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी दारापर्यंत आले.

दारात शेजारच्या कांताबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. "गुरुजी, बाई गेल्या," त्या हळूच म्हणाल्या. "लई वेळ झाला. पोरगं थांबतच न्हाई. आत चला."

त्यांना आत जायचं होतं. तिचा हात हातात घ्यायचा होता. पण त्यांनी उंबरा ओलांडला असता तर गाणं तिथेच तुटलं असतं. ते पायरीवर बसले. पोटातून हुंदका आला, तो त्यांनी बाहेर पडू दिला नाही. नुसते ओठ हलत राहिले.