नुसतं मुरगळलंय

सासरे आणि सून मिळून खिडक्यांच्या काचा बसवायचे. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, शाळेत गणित शिकवायचा. काचेची उघडी कड दिसली तरी त्याला घाम फुटायचा. सासऱ्यांचा जुना जोडीदार काम सोडून गेला तेव्हा सून म्हणाली, "मी येऊन बघते." त्याला आता सहा वर्षं झाली होती.

सासऱ्यांचे नियम थोडे आणि पक्के. जिन्यावर खाली असेल त्याने बोलायचं, वरच्याने ऐकायचं. आणि काच निसटली तर धरायला जायचं नाही. हात सोडायचे, मागे सरायचं.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या काचेच्या दुकानात ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला आणि सगळा भार उजव्या तळहातावर आला. दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "यात मोडल्याचं दिसत नाही. पण बारा दिवसांनी परत या, पुन्हा काढून बघू." सासऱ्यांनी पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं. "फोटो साफ आहे. नुसतं मुरगळलंय," त्यांनी सांगितलं आणि चौथ्या दिवशी पट्टी सोडून टाकली.

सुनेच्या नजरेतून मात्र काही सुटलं नव्हतं. ते स्क्रू डाव्या हाताने पिळत होते. खुर्चीवरून उठताना तळहात टेकायचं टाळत होते. तिने दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "डॉक्टर तो की तू?" मग तिने तोंड मिटलं.

त्या दिवशी काम वाचनालयाचं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीची काच, माणसाहून उंच, वजन चाळीस किलोच्या वर. लिफ्टमध्ये ती मावत नव्हती.

"मामंजी, आज खाली मी राहते," सून म्हणाली.

"खाली मी असतो."

"आजचा दिवस."

"उचल," ते म्हणाले.

पहिला मजला नीट पार पडला. ते खालून बोलत होते, "एक पायरी. थांब. अजून एक." पुढे जिना अरुंद होऊन वळत होता. तिथे काच उभी करून फिरवावी लागणार होती, आणि ती उभी होताना सगळं वजन खालच्या माणसाच्या तळहातांवर येणार होतं.

"उभी कर," ते म्हणाले. तिने केली.

त्यानंतर खालून आवाज आलाच नाही.

तिने काचेतून खाली पाहिलं. सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. उजवा अंगठा कडेवरून हळूहळू सुटत होता, आणि ते त्याच्याकडे परक्याच्या अंगठ्याकडे बघावं तसे बघत होते. काच बोटभर खाली सरकली. त्यांच्या पाठीला भिंत होती. मागे सरायला जागाच नव्हती. तिने हात सोडले असते तर काच त्यांच्या छातीवर आली असती.

"उजवा हात काढा," ती म्हणाली.

ते हलले नाहीत.

"मामंजी, ऐका माझं. उजवा काढा. डावा खांदा खाली लावा. मी धरलीय."

"तुला पेलणार नाही."

"पेलतेय ना. खांदा."

त्यांनी खांदा लावला. काचेवर चिकटवलेल्या रबरी कपाची मूठ तिच्या बोटांत रुतत होती. एक पाय कठड्याच्या गजात अडकवून ती मागे रेलली. आता काच ना वर जात होती, ना खाली.

"कोणी आहे का वर?" तिने हाक मारली. आवाज चढवला तर आपलेच हात हलतील, म्हणून बेताने.

ग्रंथपाल बाई जिन्याच्या तोंडाशी आल्या. क्षणभर बघत राहिल्या, न विचारता आत गेल्या आणि जुन्या वर्तमानपत्रांचे दोन गठ्ठे घेऊन आल्या. कठड्याच्या बाजूने अंग चोरून खाली उतरल्या आणि ते काचेच्या कोपऱ्याखाली सरकवले. काच टेकली. कोपऱ्याचा नखाएवढा टवका उडाला, बाकी शाबूत राहिली. सासरे पायरीवर बसले. उजवं मनगट डाव्या हातात धरून ते इतकंच म्हणाले, "हातच बंद पडला."

त्याच दुपारी हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना अंगठा वर ताणायला लावला आणि त्याच्या मुळाशी पडलेल्या खळग्यात बोट दाबलं. सासरे ओरडले नाहीत, पण त्यांची टाच जमिनीवरून उचलली गेली.

"पडून किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"दुसरा एक्स-रे?"

ते टेबलाकडे बघत राहिले. सुनेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

नव्या फोटोत रेघ स्पष्ट होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे स्कॅफॉइड. मनगटातलं काजूएवढं हाड. सुरुवातीला याची चीर पुष्कळदा दिसत नाही, म्हणून परत बोलावतात. याला रक्त बोटांकडच्या टोकाकडून मिळतं. मध्ये मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो, कधी मरतोही. प्लास्टरने जुळायची वेळ गेली. कमरेच्या हाडाचा तुकडा घालून स्क्रू बसवावा लागेल. तरीही जुळेलच, असं वचन देत नाही."

बाहेर येऊन दोघं बाकावर बसले.

"दुखतंय एवढं म्हणायला काय झालं होतं?" तिने विचारलं.

"म्हटलं असतं तर तू दुसरा माणूस बघितला असतास. आणि तो चांगला निघाला असता तर?"

"तर त्याला ठेवला असता," ती रागाने म्हणाली. "आणि तुम्हाला कापायला बसवलं असतं. मी कापते ती काच जिलबीसारखी वाकडी जाते, हे रोज तुम्हीच ऐकवता. आज तुम्हाला काही झालं असतं तर मी घरी काय सांगणार होते? मुरगळलंय म्हणून?"

त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि शस्त्रक्रियेचा कागद वाचायला घेतला.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी झालेल्या तपासणीत हाड जुळतंय की नाही, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. प्लास्टर आणखी सहा आठवडे राहिलं. ते दिवस सगळ्यांनाच जड गेले. शेवटच्या फोटोत मात्र रेघ बुजली होती. मनगट पूर्वीपेक्षा निम्मंच वाकतं आणि वजन उचलायला कायमची मनाई आहे. सून आता काचा वाहते ती फर्निचर हलवण्याच्या गाडीवर काम केलेल्या एका दणकट बाईबरोबर. सासरे दुकानात कापतात.

त्यांची कंबर मात्र, जिथून तुकडा काढला तिथे, थंडीत ठणकते. हे ते येईल त्याला सांगतात, आणि दिवसातून इतक्यांदा, की सुनेच्या नवऱ्याने परवा वर्गातल्या पोरांच्या वह्या उचलल्या आणि तो तपासायला शेजाऱ्यांकडे जाऊन बसला.