तुटले, तेच माझे मोठेपण

मित्रांनो, मी एक जुनी, मधोमध तुटलेली काचपट्टी आहे. नाक मुरडू नका. तुमच्या घरातला ग्लास फुटला की बोलणी बसतात. मी फुटले आणि माझे फोटो निघाले!

काचेच्या दुकानात उरल्यासुरल्या तुकड्यांत मी पडून होते. एका इंजिनियरने मला उचलून एका नव्या घरी आणले. तिथे आजी, तिचा लेक आणि सून राहत. आजीच्या खोलीत खिडकीपासून जमिनीपर्यंत भेग गेली होती. बिल्डर म्हणे, नवे घर थोडे बसणारच. भेग बुजवून रंग देतो, फक्त 'तक्रार नाही' अशी सही द्या. लेकाने पेन उघडलेसुद्धा होते. शेजारच्या वकीलबाईंनी त्याला अडवले. सही केलीत तर हात बांधले जातील, भेग बुजवलीत तर पुरावा जाईल, असे त्यांनी समजावले. आधी बिल्डरला लेखी कळवायचे, त्रयस्थ इंजिनियरकडून तपासून घ्यायचे आणि तरी त्याने दाद दिली नाही, तर मुदतीच्या आत ग्राहक आयोगाकडे जायचे.

त्या इंजिनियरने माझी दोन टोके भेगेच्या दोन बाजूंना सिमेंटने घट्ट बसवली आणि फोटो काढला. भिंत सरकली तर मी तुटायचे, एवढेच माझे काम. आजी तेव्हा बाजारात होती. तिला एवढेच कळले, की ही काच जपायची आहे. मग काय, रोज ओल्या फडक्याने माझी अंघोळ! आरशानेही माझा हेवा करावा, अशी मी चमकत असे.

एका सकाळी भिंत सरकली आणि मी टचकन तुटले. नेमके तेव्हाच आजीचे फडके माझ्यावर होते. तिला वाटले, आपणच फोडली. बिचारीने माझ्यावर कॅलेंडर टांगले आणि तोंडाला कुलूप लावले. माझा जीव किती तळमळला म्हणून सांगू! जन्मात एकच काम मिळाले, ते चोख केले, आणि पाहायला कुणी नाही.

तिकडे बिल्डरने दाद न दिल्याने प्रकरण आयोगाकडे गेले होते आणि तो तिथे ठासून सांगत होता, की भिंत जागची हललेली नाही. लेक हेलपाटे घालून थकला. रात्री जेवताना म्हणाला, उद्या सही करून मोकळा होतो. आजीचा घास हातातच राहिला. तिने उठून कॅलेंडर काढले.

"सही नको करूस. काच माझ्या हातून फुटली, बाळा. दुसरी लाव, पण थोडा थांब."

दुसऱ्या दिवशी इंजिनियरने माझ्या दोन तुकड्यांमधली फट मोजली.

"आजी, फडक्यानं काच फुटेल एक वेळ, पण तिचे तुकडे असे लांब जाणार नाहीत. भिंत सरकलीय. तुम्ही इथेच झोपता?"

आजीने मान डोलावली. लेकाने तिची गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेली.

आयोगाने माझे फोटो पाहिले. बिल्डरला स्वतःच्या खर्चाने पाया आणि भिंत पक्की करून द्यावी लागली. मला वकीलबाईंनी मागून घेतले. नव्या अशिलाला त्या आधी मला दाखवतात. आहे की नाही थाट?

म्हणून सांगते मित्रांनो, घराचे दुखणे रंगाखाली झाकू नका आणि चूक आपली वाटली, तरी गप्प बसू नका. त्या रात्री आजी बोलली. आता ती त्याच भिंतीला पाठ लावून खुशाल घोरते.