मुक्कामी गाडीची भाकर

"घ्या वहिनी, न्हाई म्हणू नका," असं म्हणत व्यंकटरावांनी साडीची पिशवी पुढं धरली, तशा सरजाबाई दोन पावलं मागं सरकल्या. सकाळचे सहा वाजले होते. त्यांच्या हातात सड्याची बादली, आणि दारात खाकी कपड्यातला एसटीचा ड्रायव्हर साडी घेऊन उभा! अशा वेळी कुठलीही शहाणी बाई करील तेच त्यांनी केलं. नवऱ्याला हाक मारली.

हणमंतराव टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आले.

"आज माझी शेवटची फेरी," व्यंकटराव म्हणाले. "उद्यापासून घरी. आठ वर्षं तुमच्या घरची भाकर खाल्ली, पण तोंडानं कधी बोललो न्हाई. म्हणून आमच्या घरच्या मालकिणीनं मुरुडहून वहिनींसाठी साडी धाडली. इरकल हाय."

"आमच्या घरची भाकर?" सरजाबाईंनी बादली खाली ठेवली. "कवा?"

"कवा म्हणजे? शाळेच्या ओट्यावर डबा यायचा तो!"

"आवं, आमच्याकडून कधी चटणीची पुडीसुद्धा गेली न्हाई."

हणमंतरावांनी लिंबाच्या झाडाकडं असं निरखून बघायला सुरुवात केली, जणू ते आजच उगवलं होतं.

निलंग्याची मुक्कामी गाडी संध्याकाळी साडेसातला गावात यायची आणि सकाळी साडेसहाला परत निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर झोपायचे शाळेच्या ओट्यावर. आठवड्यातून तीन रात्री व्यंकटरावांची पाळी. आठ वर्षांपूर्वी पहिल्या रात्री त्यांनी बिस्किटाच्या पुड्यावर भागवलं. दुसऱ्या खेपेला मात्र ओट्याच्या खुंटीला डबा लटकलेला. आत ज्वारीची भाकर, पिठलं, कांदा. सकाळी वाटेनं चाललेल्या हणमंतरावांनी सहज विचारलं, "जेवण झालं का रात्री?" एवढ्यावरून व्यंकटरावांनी काय ताडायचं ते ताडलं. विचारपूस करणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्या दिवसापासून गाडी हणमंतरावांच्या दारात थांबायला लागली, आणि ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांच्यासाठी राखून ठेवलेली.

"मग तुमी आठ वर्षं त्या सीटवर कशापायी बसलाव?" व्यंकटरावांनी विचारलं.

"मला वाटलं, तुमी मानानं बसवायलाव," हणमंतराव म्हणाले. "मान देणाऱ्याला न्हाई कसं म्हणावं माणसानं?"

सरजाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. हसणं आवरल्यावर म्हणाल्या, "डबा पंचशीला धाडती. विहाराच्या मागं ऱ्हाती ती. सगळ्या गावाला ठावं हाय."

"मग मला कुणीच कसं सांगितलं न्हाई?"

"तिनंच बजावलं हुतं, सांगू नका म्हणून."

व्यंकटरावांचं तोंड कडू झालं. पंचशीला! निलंग्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जाणारी बाई. रोज सगळ्यात शेवटी धापा टाकत यायची आणि रोज त्यांच्या शिव्या खायची. "गाडी काय बापाची हाय का? घड्याळ न्हाई का घरात?" एकदा तर ती पन्नास पावलांवर असताना त्यांनी गिअर टाकला होता. आरशात ती हात हलवत पळताना दिसली होती, आणि त्यांना बरं वाटलं होतं, चांगली जिरली म्हणून. आता मात्र त्या आठवणीनं कानशिलं तापली. लाज वाटली, अगदी सरळ सरळ लाज.

गाडीपाशी कंडक्टर रामलिंग काच पुसत होता.

"तुला ठावं होतं?" व्यंकटरावांनी जाता जाताच विचारलं.

"हाव, काका."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो अन् डबा बंद झाला असता म्हणजे?"

व्यंकटरावांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. निघायला अजून वीस मिनिटं होती. पिशवी काखेत मारून ते विहाराच्या दिशेनं चालायला लागले. आठ वर्षांत ते या बाजूला एकदाही आले नव्हते, हे त्यांना चालताना कळलं.

पंचशीलाचं दार उघडंच होतं. उंबऱ्याशी तिची सासू केवळाबाई सुपारी कातरत बसलेली. पंचशीला चुलीपुढून उठली आणि ड्रायव्हर दिसताच तिनं हात जोडले.

"आज तर मी येळेवर निघणार हुते, मामा! बगा, डोकंसुद्धा इंचरलंय."

"रागवायला न्हाई आलो," व्यंकटराव म्हणाले. वाटेत जुळवलेली चार वाक्यं कुठं गेली कोण जाणे. त्यांनी नुसती पिशवी पुढं केली. "डबा तुमी धाडत होताव?"

पंचशीलानं सासूकडं बघितलं. सासू म्हणाली, "कळलं का एकदाचं! एवढ्या वळणांनी गाडी नेतंय हे माणूस, अन् सरळ गोष्ट दिसायला आठ वर्षं लागली." आणि तिनंच पिशवी ओढून घेतली, साडी बाहेर काढून पोत चिमटीत धरून बघितला. "बाईला पारख हाय तुमच्या."

"मग रोज उशीर का व्हायचा?"

"तुमी ओट्यावरून उठून गाडीत बसल्याबिगर डबा उचलता येत न्हवता," पंचशीला म्हणाली. "उचलायचा, घरी आणून ठेवायचा, मग पळायचं. तुमी गाडीत बसलाव की लगेच हॉर्न वाजवत हुताव."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. हसत होती. तेच व्यंकटरावांना जास्त लागलं.

"कशापायी पण? मी कोण तुमचा?"

"तुमची गाडी यायच्या आदी ह्या गावातून निलंग्याला सकाळी जायची सोयच न्हवती. गाडी आली म्हणून मी कामाला लागले. दोन्ही पोरं शिकायलीत. अन् ती गाडी आणणारा माणूस ओट्यावर बिस्किट पाण्यात बुडवून खायलाय, हे मी बगितलं. माझ्या घरात भाकरी उरलेल्या. मला घास गिळंना."

"मग सांगायचं होतं की."

पंचशीलानं परातीतलं पीठ हातानं सारखं केलं.

"पहिल्या रात्री सांगितलं असतं, तर खाल्ली असती का?"

केवळाबाईचा अडकित्ता थांबला. व्यंकटरावांना फार वाटलं, हाव म्हणावं. एक शब्द, कोण तपासायला बसलंय? पण आठ वर्षं जिचं मीठ खाल्लं तिच्यापुढं खोटं येईना.

"न्हाई," ते म्हणाले. "पहिल्या रात्री न्हाई खाल्ली असती."

"म्हणून न्हाई सांगितलं," पंचशीला म्हणाली. "अन् पुढं पुढं भ्याले. डबा भरलेलाच परत आला तर काय करायचं, म्हणून."

व्यंकटरावांनी बूट काढले. आत येऊन ते चुलीपुढं मांडी घालून बसले आणि म्हणाले, "भाकर हाय का?"

तिनं तव्यावरची फुगलेली भाकर ताटात टाकली, वर शेंगदाण्याची चटणी, दही. चटका बसत होता तरी ते खात राहिले. चव ओळखीची होती. डब्यातली गार व्हायची एवढंच. दुसरी भाकर त्यांनी मागून घेतली. रोज गावात गाडी आली, माणसं चढली-उतरली, यात आपण काही केलं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं.

"रविवारी मुरुडला या," हात धुताना ते म्हणाले. "समदे या. माझ्या घरी जेवायला."

पंचशीलाचा हात तव्यावरच थांबला. "घरी ठावं हाय का, कोण येणार ते?"

व्यंकटरावांनी खिशातून मोबाईल काढला, बायकोला फोन लावला, आणि पंचशीलालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"साखरा, ऐक. भाकर हणमंतरावाच्या घरची न्हवती. पंचशीलाबाईंच्या घरची होती. बौद्धविहाराच्या मागं घर हाय त्यांचं. तिथंच जेवून बसलोय आता. रविवारी त्यांना आपल्याकडं जेवायला बोलावलंय."

मुरुडच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. केवळाबाई फोनकडं टक लावून बसली होती. व्यंकटरावांनी फोन तोंडाजवळ नेला.

"ऐकलंस का?"

"ऐकलं की," साखराबाई म्हणाल्या. "किती जण येणार ते इचारा आदी. पुरणाला डाळ भिजवाया लागंल का न्हाई?"

व्यंकटरावांनी मान वर केली. पंचशीलानं पदरानं डोळे पुसले, पुढं वाकली आणि फोनमध्ये मोठ्यांदा म्हणाली, "पाच जण हाव, ताई. अन् माझी सासू एकटी दोघांचं खाती!"