उचकीचा तक्ता

यंदाच्या तालुका विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी न्यायचा नाही, असं भगीरथ सरांनी नववीच्या वर्गाला बजावलं. "वस्तू नको, प्रश्न आणा. स्वतःचा!"

स्वतःचा प्रश्न म्हटल्यावर वर्ग चिडीचूप. त्या शांततेत स्नेहलला मोठ्ठी उचकी लागली.

"कोण गो आठवण काढतंय?" मागच्या बाकावरून आदेशनं विचारलं. वर्ग खिदळला. सर तेवढे हसले नाहीत.

"उचकी लागते तेव्हा कुणी खरंच आठवण काढत असतं का? शोधा तुम्ही दोघं."

अशा रीतीनं आदेश तिच्या गळ्यात पडला.

स्नेहल मात्र कामाला लागली. पुस्तकात होतं की छातीखालचा श्वासपटल नावाचा पडदा अचानक आकसला की उचकी लागते. घाईघाईनं खाल्लं, तिखट खाल्लं, तरी लागते. आठवणीबद्दल पुस्तकात एक ओळ नव्हती. तिनं आपल्या किन्हवली गावातली बारा माणसं निवडली आणि प्रत्येकाला आठवड्याचा तक्ता दिला. उचकी कधी लागली, आधी काय खाल्लं, कुणी आठवण काढली असं वाटतं. मग आईच्या फोनवरून त्या माणसाला विचारायचं, बाबा रे, तू त्या वेळी काय करत होतास?

आदेशकडे वेगळं काम होतं. सरांना न सांगता रोज दुपारी दहा मिनिटं त्यांची आठवण काढायची. त्यानं तीन दिवस डोळे मिटून काढली. सरांना एकदाही उचकी लागली नाही.

"चाचणीचे मार्क आठवून काढली ना," तो म्हणाला. "रागानं काढलेली लागू होत नसंल."

बाकीच्यांची तऱ्हा तशीच. गणूकाका तक्ता हरवून बसले. गोदूमावशीनं सात दिवसांच्या उचक्या एकाच बैठकीत, एकाच पेनानं भरून दिल्या, त्यात उद्याचीही होती.

चोख होता तो फक्त पाचवा क्रमांक, देवजीबाबा. स्नेहलच्या शेजारी एकटेच राहत. रोज दुपारी एकला जेवण, सव्वाला उचकी. शेवटच्या रकान्यात रोज एकच नाव, काशी. काशी म्हणजे त्यांची मुलगी, कसाऱ्याला स्टेशनाबाहेर खानावळ चालवायची. उचकी लागली की बाबा तिला फोन लावत.

चार दिवसांनी स्नेहलनं काशीला फोन केला.

"दुपारी सव्वाला?" पलीकडे भांड्यांचा खणखणाट होता. "अगो, तेव्हा पन्नास ताटं वाढायची असतात. मला माझं नाव आठवत नाय! बाबांचा फोन येतो तेव्हाच..." खणखणाट चालूच राहिला. "हे त्यांना सांगू नको हां."

स्नेहलनं खूण केली, फुली. फुली मारताना तिला बरं वाटलं नाही, पण खरं ते खरं.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन बाबांच्या जेवणालाच जाऊन बसली. बाबा भात नि डाळ सावकाश जेवले. उचकी नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चुळबुळले. मग उठून डब्यातल्या दोन तळलेल्या मिरच्या काढल्या, कचाकचा चावून गिळल्या, वर गटागटा पाणी प्यायले. लगेच उचकी!

"बाबा! तुमी मुद्दाम लावून घेतली! माझा प्रयोग बिघडवला!"

बाबा उचक्या देत हसले. "उगाच फोन केला की काशी घाबरते गो. 'काय झालं बाबा, बरं नाय का?' मग धंदा सोडून तिथंच रडायला लागंल. उचकी लागली म्हटलं की हसते. म्हणते, हो, मीच काढली." त्यांनी फोन उचलला. "हे त्या कागदावर लिहू नको."

दोघंही सांगत होती, सांगू नको. स्नेहलचं डोकं गरगरलं. शेवटी तिनं एवढंच लिहिलं, 'आधी काय खाल्लं: दोन मिरच्या.'

रविवारी काशी अचानक बाबांच्या दारात. खानावळ नवऱ्यावर सोपवून आली होती. "त्या पोरीनं विचारलं नि डोक्यातून जाईना," एवढंच तिनं सांगितलं. बाबा तिच्याशी बोलत तासभर जेवले. मिरच्यांच्या डब्याला हात लावला नाही. सव्वा वाजला, दीड वाजला. वही उघडून बसलेली स्नेहल हिरमुसली. तिच्या सगळ्यात भरवशाच्या माणसाचा रकाना नेमका कोरा राहिला होता.

शहापूरच्या शाळेत प्रदर्शन भरलं. बारापैकी नऊ तक्ते टिकले होते. आठवण आणि उचकी यांची वेळ फक्त दोनदा जुळली होती, तिखट किंवा घाईचं खाणं एकोणीस वेळा. परीक्षक बाई चष्मा सरसावून वाचत होत्या.

"क्रमांक पाच रोज हमखास, आणि रविवारीच नाही. का?"

"त्या दिवशी ते सावकाश जेवले," स्नेहल म्हणाली. "आणि मुलगी समोर बसली होती."

"मग यातलं कारण कोणतं?"

"ते वेगळं काढता येत नाय, बाई. अजून बरेच रविवार लागतील."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पहिला नंबर सांडपाणी गाळणाऱ्या यंत्राला गेला. या दोघांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

सरांनी दोघांना बसस्टँडसमोर वडापाव दिला. आदेशनं अख्खी हिरवी मिरची तोंडात टाकली नि पुढची दहा मिनिटं तो सरांकडे बघत, डोळ्यांतून पाणी काढत, उचक्या देत राहिला.